झाडांच्या मालकिणी सासरी

आमच्या गावचा तलाव मेला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. तलाव मरतो म्हणजे काय, हे आमच्या भंडारा जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. तलावाच्या वर टेकडीला लागून एका मालकाची खाजगी झाडी होती. त्याने ती ठेकेदाराला इकडून तिकडे सगळी देऊन टाकली. पुढच्या पावसाळ्यांत टेकडीची माती उतरली आणि तलावात येऊन बसली. मग तलावात पाणी थोडं आणि बेशरमाची झुडपं फार, अशी अवस्था झाली. आम्ही ढिवर. तलावात मासोळी असेल तर आमच्या चुलीवर काही असायचं. बाबांचं जाळं आढ्याला टांगलं गेलं, बाबा गिट्टी फोडायला जाऊ लागले आणि आई विड्या वळू लागली. रोज लाखोळीची डाळ आणि भात. डाळ म्हणायची एवढंच, भांड्याचा तळ वरूनच दिसायचा.

तेंदूपानाच्या वासात अभ्यास करून मी बी.ए. झालो. आमच्या खानदानातला पहिला. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत मी ते सगळ्यांना सुरुवातीलाच सांगून टाकत असे. एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. तो म्हणाला होता, "मंग का, अर्धं तिकीट देऊ का?"

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. खाजगी झाडी असलेल्या शेतकऱ्यांना ती राखायला शिकवायची अशी एक योजना निघाली आणि तिच्यात मला हंगामी प्रचारक म्हणून घेतलं. साहेबांनी एक सायकल दिली, कापडी तक्त्यांची एक गुंडाळी दिली आणि सांगितलं, "होळीपर्यंत एक तरी मालक राजी करा. एक तरी. नाहीतर योजना तुमच्याशिवाय चालेल." मी मनात हसलो. एक? मी अख्खा पवनी तालुका हिरवा करून येणार होतो. त्या फाल्गुनातल्या प्रवासाची ही हकीकत आहे.

अड्याळ

अड्याळच्या बाजारात मी पहिलं व्याख्यान दिलं. अंगात टेरिलीनचा शर्ट, खाली बेलबॉटम. सायकलच्या साखळीत तो इतक्या वेळा अडकला होता की उजवा पाय डाव्यापेक्षा काळा दिसत होता. बैलांच्या दोरखंडांच्या दुकानाशेजारी लिंबाला तक्ता टांगला. लोक जमले. बऱ्यापैकी जमले. मी घसा साफ केला, तक्ता उलगडला आणि लोक पांगायला लागले. नुसते पांगले नाहीत, काही तर चपला हातात घेऊन निघाले.

तक्त्यावर काय होतं ते सांगतो. मधे एक मोठं झाड, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटी रोपं, खाली लिहिलेलं: 'आजच विचार करा'. जुनं झाड राखलं तर त्याच्या बियांतून नवी रोपं येतात, असा अर्थ. पण माझ्या जिल्ह्यातल्या लोकांनी आणीबाणीतल्या नसबंदीच्या दिवसांत आई, बाप आणि दोन लेकरांचे इतके तक्ते पाहिले होते, आणि त्या तक्त्यांच्या मागे उभी असलेली गाडी कुठे नेते हे इतकं नीट माहीत होतं, की कोणी झाडं पाहायला थांबलंच नाही.

एक म्हातारा तेवढा थांबला. म्हणाला, "मले आता भेव नाही, माझं वय गेलं. पण मास्तर, झाडायलेबी दोनच का?"

मी त्याला समजावून सांगत होतो तेव्हा दोरखंडाच्या दुकानातून एक माणूस पोट धरून हसत बाहेर आला. पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा, कानात बिडीचं थोटूक. हे तुळशीराम पाटील. अड्याळच्या पुढे टेकडीच्या पायथ्याला त्यांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात.

"आमच्या गावले या जी," पाटील म्हणाले. "माझी सोताची झाडी आहे. मोहा, येन, तेंदू. खाली तलाव आहे. तुमचं भाषन मले लय आवडलं."

"पण भाषण तर झालंच नाही."

"म्हनूनच त म्हनतो."

हॉटेलात त्यांनी मला आलुबोंडा आणि तर्री खाऊ घातली. तर्रीने डोळ्यांत पाणी आलं. पाटलांना वाटलं मी कृतज्ञतेने रडतो आहे. मी तसं वाटू दिलं.

पाटलांची झाडी

झाडी पाहिली आणि मी सायकलवरून उतरलो. आमच्या गावची झाडी तुटली नसती तर ती अशी दिसली असती. मोहाची झाडं मोठी, दोन माणसांच्या कवेत न मावणारी, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे गुच्छ. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, खोडांवर सुसरीच्या पाठीसारखी साल. झाडीच्या खाली तलाव, त्यात कमळाची पानं, आणि काठाला आमच्याच जातीची दहा-बारा घरं. एक बाई जाळं शिवत होती. तिचं लेकरू मांडीवर होतं आणि चुलीवरून मासोळीच्या सुक्याचा वास येत होता. तक्त्यावरचं मला पाठ होतं, पण ही झाडी गेली तर काय जाईल, हे मला त्या वासाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाखाली सभा झाली. गाव लोटलं. इथे मी सविस्तर बोललो. मुळं माती कशी धरतात, पानांचं खत कसं होतं, मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात त्यात नवी रोपं कशी मरतात. वक्त्याने रुबाबात उभं राहावं म्हणून मी झाडाच्या खोडाला हात टेकला होता. तिथून लाल मुंग्यांचा रस्ता जात होता. माझा बेलबॉटम त्यांना फारच सोयीचा पडला. पहिली मुंगी गुडघ्यापर्यंत पोचली तेव्हा मी मुळांवर होतो. पुढच्या मुंग्या आणखी वर पोचल्या तेव्हा मी पाण्याच्या वेगावर होतो आणि उड्या मारत होतो. लोकांना वाटलं, पाणी कसं उसळतं ते मी करून दाखवतो आहे. टाळ्या पडल्या. मागून कोणी ओरडलं, "अजून एकदा!"

पाटील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी उठून म्हणाले, "मास्तर बोलले ते समदं बराबर आहे. झाडी राखलीच पाह्यजे." मी मनातल्या मनात साहेबांना कळवूनही टाकलं.

दुपारी पाटलांकडे जेवण. भात, पोपटाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी, आणि वर तलावातल्या मरळीचं कालवण. पाटलीणबाई वाढत होत्या. मी तृप्त होऊन म्हणालो, "पाटील, तुमच्यासारखे मालक जिल्ह्यात दहा निघाले तर—"

"निघतीन, निघतीन," पाटील म्हणाले. "फक्त माझी झाडी होळीनंतर तुटून राहिली."

घास माझ्या हातात राहिला. "तुम्ही तर आत्ता राखलीच पाहिजे म्हणालात!"

"म्हनालो न. राखलीच पाह्यजे. ज्याले जमन त्यानं राखावं. मले सिलापचं पक्कं घर बांधाचं आहे. ठेकेदाराशी बोलनं झालं. होळी झाली की त्याचा मुकादम गाड्या घेऊन येते. त्याले अख्खी झाडी पाह्यजे. नाहीतर तो काहीच नेत नाही."

मी तक्त्याकडे हात नेला. पाटलीणबाईंनी तो मधेच थांबवला. "तो कपडा राहू द्या जी. तुमच्या चित्रातलं समदं खरं आहे. माती जाते, पानी जाते. पन ननद जात नाही न!"

मग जे कळलं ते कोणत्याच तक्त्यावर नव्हतं. त्या घराची जुनी रीत होती: लेकीच्या लग्नात, हळदीच्या दिवशी तिला झाडीत नेतात, ती हळदीचा हात एका मोहाला लावते, आणि तो मोहा तिचा. जमीन भावाची, झाड बहिणीचं. दर चैत्रात लेक माहेरी येते आणि आपल्या झाडाची फुलं वेचून, वाळवून, पोत्यात भरून नेते. (आमच्यात लेकीला पाणी भरायचा पितळेचा गुंड देतात. तो बिचारा दरवर्षी फुलत नाही, त्यामुळे आमच्या आत्या घरीच राहतात.) पाटलांची बहीण शेवंताबाई आसगावला दिलेली, आत्या बनाबाई करडीला. शेवंताबाई दर चैत्रात लेकराबाळांसकट येऊन महिनाभर राहायच्या. आत्या गुडघ्यांमुळे काही वर्षं आल्या नव्हत्या, पण येईन येईन असा निरोप दर साली यायचा.

"महिनाभर!" पाटलीणबाई म्हणाल्या. "सकाळी फुलं येचतेत आन् दुपारी माझ्या भाजीत खोट काहाडतेत. म्या पाचोळा काहून जाळतो? लवकर येचून लवकर जाव म्हनून. झाडच नाही राहिलं त येतीन कायले?"

पाटील ताटात पाहत होते.

"बहिणीला विचारलं का?" मी म्हणालो. "झाड तर तिचं आहे."

"इचारू, इचारू," पाटील म्हणाले. "तोडल्यावर इचारू."

म्हणजे मी सबंध सकाळ चुकीच्या माणसापुढे उड्या मारल्या होत्या. झाडांच्या मालकिणी सासरी होत्या, आणि होळी जवळ आली होती.

आसगाव

आसगावपर्यंत सायकल ठीक चालली. नंतर ती नाल्यात चालली नाही, आणि मी तिला खांद्यावर घेऊन गावात शिरलो. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, त्यांत लाखोळीच्या वाळल्या वेली. शेवंताबाई अंगणात लाल मिरच्यांच्या ढिगासमोर बसून देठं खुडत होत्या. हात लाल, कपाळ लाल, आणि माझं म्हणणं ऐकल्यावर डोळेही लाल.

मी गंभीरपणे सुरू केलं, "बाई, आपल्या माहेरची झाडी ही नुसती... आँक्छी! ...झाडी नसून... आँक्छी!"

"आधी शिंकून घे, मंग बोल," त्या म्हणाल्या. "कोन होय तू? दवाखान्यातला?"

"बी.ए. आहे मी."

"ते तुह्या घरी. इथं कायले आला?"

मी शिंकत शिंकत सगळं सांगितलं. तक्ता काढला नाही. ठेकेदार, मुकादम, होळी एवढंच. त्यांनी मिरच्यांचं सूप खाली आपटलं. उरलेलं बोलणं मी अंगणाबाहेर उभा राहून केलं.

"दादानं माझा मोहा इकला? मले न सांगता?"

"अजून तुटला नाही."

"हे वहिनीचं काम होय. मागच्या साली तिनं पाचोळ्याले आग लावली, माझ्या मोहाचं अर्धं खोड भाजलं. म्या म्हनलं, जाऊ दे. आता त तोडाले निंगाली!" मग घराकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली, "अवो, बैल जुपा! आजच!"

नवरा दारात येऊन म्हणाला, "आज मिरच्या आहेत."

"मिरच्या तिकडंच नेतो. वहिनीच्या अंगनात वाळवतो," शेवंताबाई म्हणाल्या.

हे मी राखायला शिकवायला आलो होतो की भांडण लावायला, असा प्रश्न मला पडला. उत्तर सोपं होतं, म्हणून मी लगेच सायकलवर बसलो. पण शेवंताबाईंनी मागून बजावलं, "आत्याले घेऊन ये. माझ्या एकटीचं दादा आयकत नाही. आत्याले तो भेते."

करडी

करडी वैनगंगेच्या पलीकडे, मोहाडी तालुक्यात. भंडाऱ्यापर्यंत एस.टी., पुढे डोंगा. डोंगेवाला आमच्याच जातीचा निघाला. मी त्याला सांगितलं की मी ढिवराचा पोरगा आहे, डोंगा माझ्या रक्तात आहे, हात धरायची गरज नाही. एवढं सांगून मी पलीकडच्या काठावर पाय ठेवला. काठ होता तिथे नव्हता. तक्त्यांसकट नदीत गेलो. कमरेइतकंच पाणी होतं, पण मी बसलो होतो.

"रक्तात आहे म्हने," डोंगेवाला म्हणाला आणि मला कॉलरला धरून काढलं.

बनाबाई आत्या सत्तरीच्या पुढच्या, तोंडात दात थोडे, आवाज मात्र पुऱ्या पंगतीला पुरेल असा. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ओला मानूस घरात नाही चालत. हे गुंडाळ." त्यांनी जे दिलं ते त्यांचं नऊवारी लुगडं होतं. घरातले पुरुष शेतावर गेलेले, कुलूप त्यांच्या खोलीला. त्यामुळे झाडी-संवर्धनावरचं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण मी हिरव्या काठाच्या लुगड्यात दिलं. शेजारच्या बायका कुंपणावरून पाहत होत्या. एक म्हणाली, "नवी सून आनली का आत्या?"

मी मुळं सांगितली. माती सांगितली. पाऊस कसा अडतो ते सांगितलं. आत्या तंबाखू मळत राहिल्या.

"तोडू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यानं जानं होत नाही. माझ्या मोहाची फुलं आता तुळश्याची बायको येचते. असलं झाड राहिलं का आन् गेलं का?"

 बाहेर बांबूवर माझा बेलबॉटम वाळत होता आणि माझी नोकरीही. मी म्हणालो, "आत्या, आमच्या गावची झाडी अशीच तोडली. तलाव मातीने भरला. माझ्या बाबांच्या जाळ्याला त्यानंतर मासोळी लागली नाही."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "कोनाचा होय तू?"

"ढिवराचा."

"म्हंजे? आमच्या गावच्या तलावाले पन तसं होईन?"

"होईल."

"मरळ?"

"जाईल."

"वाघूर मासोळी?"

"तीही."

आत्यांनी मळलेली तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाल्या, "अरे, म्या इथं इतकी वर्सं काढली. नदीची मासोळी खाल्ली, पन ते चव नाही. माहेरी गेलं की तलावाची मरळ, तिच्यात आंबाडी. त्याच्यासाठी म्या जीव धरून आहो आन् तू इतका येळ मुळ्या सांगून राहिला?" मग एकदम उठल्या, गुडघे विसरून. "आधी मासोळीचं बोलाचं न, बाबू! शिकला कुठं तू?"

मी त्यांना कॉलेजचं नाव सांगितलं नाही. कॉलेजची चूक नव्हती.

परत झाडीत

आत्या, त्यांचा नातू आणि मी पाटलांच्या गावी पोचलो तेव्हा होळीच्या गोवऱ्या रचून झाल्या होत्या. शेवंताबाई आधीच आल्या होत्या. अंगणभर मिरच्या पसरलेल्या, आणि घरातलं प्रत्येक माणूस शिंकत होतं, त्यामुळे भांडण अर्धवट अर्धवट होत होतं.

"ननदबाई, तुमी येता त येता, माझं अंगन—आँक्छी—"

"मोहा तोडाले निंगाली तेव्हा अंगन नाही आठवलं?"

पाटील गोठ्यात बैलाला पाणी पाजत होते. बैलाचं पोट फुगेपर्यंत पाजत होते. आत्या थेट गोठ्यात गेल्या. "तुळश्या."

"आत्या! तू कशी आली?"

"पायानं आली. माझा मोहा कोनाले इचारून इकला?"

"आत्या, सिलापचं घर..."

"तुह्या बापानं कवेलूच्या घरात तुले वाढवलं. तू काय पावसात वल्ला झाला का?"

त्या रागाने झाडी वाचेल असं मला वाटलं, पण पाटलीणबाई मागे हटल्या नाहीत. त्या ओसरीत उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी समद्या झाडावाल्या. झाड तुमचं, फुलं तुमची. चूल मात्र माझी. महिनाभर धुरात मी बसतो. माझ्या माहेरी मले कोनी झाड नाही देल्लं." आणि त्या रडल्या. खरोखर रडल्या, मिरच्यांमुळे नाही.

 मी तोंड उघडलं नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजूनही मार्क देतो. त्या वेळी माझ्या तोंडून मुळांचं एक वाक्य जरी निघालं असतं तरी झाडी गेली असती.

शेवंताबाई ओसरीवर वहिनीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आमी झाडीतच मांडव घालून राहू. तांदूळ आमचे, चूल आमची."

"आन् भाजीत खोट?" पाटलीणबाई.

"ते तुह्या भाजीत खोट राहते त काहाडतो," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी, "बरं, नाही काहाडत."

आत्या म्हणाल्या, "माझा मोहा आता तिचा. माझ्यानं येचनं होत नाही. सुने, उद्या हळद घेऊन चल. झाडाले हात लाव. पन एक आयक: पाचोळा जाळाचा नाही. झाडून काहाडाचा. रोपटे मरतेत, आन् तलावात राख येते, मासोळीले बाधते."

मी तोंड उघडलं. आत्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "हो, याच्या कपड्यावर पन तेच हाय."

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी मोहाला हळदीचा हात लावला. लग्न होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली सून, कपाळभर पदर, आणि लाजत होती. नंतर मांडव घालायचं काम माझ्याकडे आलं. मी रोवलेला पहिला खांब आत्यांच्या अंगावर पडता पडता राहिला. पुढचे पाटलांनी रोवले.

होळी झाली आणि मुकादम गाड्या घेऊन आला. झाडीत चुली पेटल्या होत्या, लुगडी वाळत होती, आणि तिघी जणी मोहाखाली खराट्याने पाचोळा झाडत होत्या. मुकादमाने पाटलांना विचारलं, "झाडी कोनाची होय, पाटील?"

पाटील घामाघूम. एकीकडे ठेकेदार, एकीकडे आत्या. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "जमीन माझी आहे. झाडाचं त्याहीले इचारा."

मुकादमाने विचारलं. तिघींनी एकदम उत्तर दिलं, त्यामुळे मला एकही शब्द कळला नाही. मुकादमाला कळला. तो अख्खी झाडी घ्यायला आला होता. झाडीच्या तोंडाशीच उभे असलेले ते दोन मोहे आणि त्यांच्याखालचा मांडव सोडून तोडायचं, म्हणजे गाड्यांना वाटही मिळणार नाही, हे त्याला परवडणारं नव्हतं. गाड्या रिकाम्या वळल्या.

साहेबांना मी सांगितलं की एक मालक राजी झाला. त्यांनी विचारलं, कोणत्या मुद्द्याने? मी म्हटलं, "मरळीच्या." ते हसले आणि मला पुढच्या हंगामासाठी ठेवलं. त्यानंतर मी कोणत्याही गावात गेलो की आधी विचारायचो, झाडं कोणाची? आणि मग मालकिणींच्या गावांची एस.टी. शोधायचो. पाटलांचं स्लॅबचं घर झालं नाही, त्यावरून ते मला भेटले की अजून बोलतात.

तुळशीराम पाटलांची झाडी त्या वर्षी तुटली नाही. नंतरही तुटली नाही. जळलेल्या पाचोळ्याच्या जागी मोहाची आणि येनाची रोपं वर आली आहेत, खालचा तलाव भर उन्हाळ्यात पाणी धरून आहे, आणि काठावरची दहा-बारा घरं त्या तलावावर जगतात.